माझं अडून बसलेलं काळीज

मी एकदा महादेवाला नवस बोलले होते : छातीतली धडधड थांबू दे, सोळा सोमवार पाण्याचा थेंब न घेता करीन! तो नवस, ती धडधड आणि आमच्या मागच्या खोलीत राहून नर्सिंग शिकणारी रत्ना, ह्या तिघांनी मिळून एका वर्षात इतके किस्से जमवले, की नर्सिंगची नवी पोर त्या खोलीत राहायला आली की मी चहा टाकते आणि सुरू होते. तुम्हीही बसा, पोरींनो!

*

सुरुवात जपमाळेनं झाली. छातीतल्या दर ठोक्याला एक मणी ओढायची माझी सवय. एका सकाळी गंध उगाळून बसले, तर चहाला उकळी फुटायच्या आत एकशे आठ मणी संपले! मला वाटलं, काय ही भक्ती!

रत्ना राजेगावची, मोठी धीट. तिनं माझं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं. "काकू, एकशे पन्नास! निजा बरं."

अर्धा तास निजले. पुन्हा एकशे पन्नास. ना एक कमी, ना एक जास्त.

"धावल्यानं, भीतीनं पळणारं काळीज माणूस निजला की हळूहळू उतरते," ती म्हणाली. "हे तं अडूनच बसलं! चला दवाखान्यात."

"माझी एक माळ बाकी हाये."

"तिले तं आता एक मिनिटबी लागत नाही. चला!"

*

दवाखान्यात ईसीजी काढला. डॉक्टरांनी मानेची एक बाजू हलकेच चोळली. ठोके क्षणभर मंदावले आणि कागदावर करवतीचे दात उमटले, एकसारखे! रत्ना तर आनंदानं उडालीच. "सिस्टर, फ्लटर! पुस्तकातल्यासारखा!"

रत्नाला शिकवणाऱ्या सिस्टरनं डोळे वटारले. "पेशंट समोर हाये, रत्ना."

मी म्हटलं, "राहू द्या हो. माझ्यामुळं कोणी तरी खूश झालं!"

सिस्टरनं समजावलं : वरचे कप्पे मिनिटाला तीनशेदा फडफडतात, खालचे दर दुसरा ठोकाच घेतात. भरवेलीच्या खाणीत कामाला असलेल्या आमच्या ह्यांना लगेच उमगलं. "म्हंजे वरून दोन ट्रॉल्या येतात अन् खालचा एकच पास करते!"

"काकाजी," सिस्टर म्हणाली, "तुम्ही वर्गावर या शिकवाले."

*

हे एवढे फुगले, की दुसऱ्या दिवशी धडधड वाढताच स्वतःच माझी मान चोळायला बसले. रत्ना ओरडली, "काकाजी, हात काढा! ते डॉक्टरचं काम हाये, मशीन लावून! काकू बेशुद्ध पडन!"

तेवढ्यात शेजारीण साखर मागायला दारात. माझ्या मानेवर ह्यांचा हात, रत्नाची ओरड! वाटी तिथंच टाकून ती पळत सुटली, "अरे धावा, बाईले मारून राह्यले!"

सगळी गल्ली गोळा झाली. त्यानंतर महिनाभर ह्यांनी माझ्या खांद्यालाही हात लावला नाही.

*

ठोके आवरायला डिगॉक्सिनची गोळी सुरू झाली, रोज एक. पण पंधरवड्यात दोन सोमवार, एक प्रदोष, एक एकादशी, मला पाणीसुद्धा चालेना, मग गोळी कशी गिळू? व्रत चुकलं तर आपण पुढं भरून काढतोच ना? तशा मी चुकलेल्या चारही गोळ्या द्वादशीला एकदम घेतल्या!

संध्याकाळी देवघरात बसले, तर काय सांगू! महादेव पिवळा, भिंत पिवळी, समई पिवळी! हात जोडून मी ओरडले, "रत्ने, ये! गाभारा सोन्याचा झाला!"

ती आली, पण देवाकडं पाहिलंच नाही. "काकू, मळमळते का?"

"हौ, सकाळपासून."

"किती गोळ्या घेतल्या?"

"चार. भरपाई केली."

नाडी अठ्ठेचाळीस! तसाच रिक्षा बोलावला. दवाखान्यात सिस्टर माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. "बाई, गोळीले तीर्थ समजा. चुकली तं चुकली, दुप्पट नाही. अन् नाडी साठच्या खाली असली तं घ्यायचीच नाही, आधी डॉक्टरले सांगायचं."

त्या दिवसापासून माझा सोमवार गोळी आणि घोटभर पाण्यानिशी. महादेवाची तक्रार अजून आलेली नाही.

*

तरीही काळीज ठिकाणावर येईना. पायऱ्या चढताना डोळ्यांसमोर अंधारी यायची. शेवटी ठरलं, नागपूरला नेऊन छातीला विजेचा झटका द्यायचा. डॉक्टरांनी गोळी आधीच बंद केली. काळजीनं ह्यांनी दाढी करणंही सोडलं. सुट्टी मागून रत्ना सोबत आली.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी दरडावून विचारलं, "सकाळपासून काय खाल्लं? खरं सांगा!"

"काही नाही."

"चहा? पाणी?"

"थेंब नाही."

डॉक्टर बघतच राहिले. "असा पेशंट पहिल्यांदा पाहतो!"

ह्यांनी हळूच सांगितलं, "साहेब, हिची तीस वर्षांची प्रॅक्टिस हाये."

मग सुई दिली आणि मला झोप लागली. डोळे उघडले तेव्हा रत्नाची बोटं माझ्या मनगटावर, नजर घड्याळावर. ओठ हलत होते. हे भिंतीला टेकून उभे, चेहरा पांढराफटक.

मशीनकडं बघत डॉक्टर म्हणाले, "शहात्तर आहे, एकदम छान. सोड हात, पुढचा पेशंट आणायचा आहे."

रत्नानं मान वर केली नाही. सगळ्या वॉर्डासमोर, त्या एवढ्या मोठ्या डॉक्टरांना म्हणाली, "थांबा, साहेब. माझा मिनिट झाला नाही."

आणि डॉक्टर थांबले!

पोरींनो, तुम्हीही असंच करा.