सहावा परागकोश

उभं आयुष्य चष्म्याची भिंगं घासण्यात गेल्यामुळे कंदबाईंची नजर अशी तयार झाली होती, की काहीच नसेल तिथंही त्यांना ओरखडा दिसायचा. दूधवाला हसला, तर का हसला. शेजारीण हसली नाही, तर का नाही. निवृत्तीनंतर त्यांनी काचबंद गॅलरीत लिलीचे कंद लावले, म्हणून गल्लीनं त्यांना हे नाव दिलं. ते आधी कोणाच्या तोंडून निघालं, याचाही त्यांना दाट संशय होता.

त्यांचा जीव अडकला होता एका दुर्मीळ रानलिलीत. कड्यालगत रस्ता फोडताना यंत्राखाली जाणारा तो कंद त्यांनी पिशवीत घालून आणला होता. बाजारच्या लिलीची फुलं ताटाएवढी, पण वासाच्या नावानं शून्य. रानलिलीचं फूल वाटीएवढं, पण वास असा की माणूस जिन्यातच थबकावा. या दोघींचा संकर करायचा, हा बाईंचा ध्यास. कित्येक वर्षं रानलिलीनं नुसती पानं दाखवून त्यांना झुलवलं आणि यंदा कुठं एक फूल उमललं. एकच.

बाईंची तयारी चोख होती. बाजारच्या लिलीची कळी उघडून तिचे स्वतःचे परागकोश त्यांनी आधीच काढले होते आणि मधल्या चिकट टोकावर, भलता पराग लागू नये म्हणून, चांदीच्या कागदाची टोपी चढवली होती. रानलिलीचे सहा परागकोश पिकून पुरते फुटायचे तेवढे बाकी होते. सकाळी त्यांनी ते आपल्या जुन्या घडीच्या भिंगातून डोळा लावून न्याहाळले, भिंग मिटून कातडी म्यानात घातलं आणि नळ दुरुस्त करणाऱ्याशी हुज्जत घालायला त्या खाली गेल्या. वर येऊन पाहतात, तो फुलाच्या पोटात नुसत्या काड्या!

बाईंनी लगेच हिशेब मांडला. घराची दुसरी किल्ली धाकट्या बहिणीकडे. धाकटी फुलांच्या दुकानात कामाला. आणि दुकानाचे मालक परवाच जिन्यात विचारून गेलेले, "काय बाई, तुमचं ते रानटी फूल उमललं का?"

बाई खाली असताना आलेली धाकटी स्वयंपाकघरात कप विसळत होती.

"हात दाखव," बाई म्हणाल्या.

"का? भविष्य सांगतेस?"

बोटांची टोकं केशरी झाली होती.

"कोणी सांगितलं होतं फूल भादरायला? तुझ्या मालकानं?"

धाकटीनं गॅलरीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं ताई... दुकानात लिली उमलली की आधी ते तुरे खुडायचे, नाहीतर गिऱ्हाइकाच्या कपड्यांना डाग पडतात. इतकी वर्षं तेच करतेय. हात आपोआप गेला गं."

तिनं एप्रनच्या खिशातून कागदाची पुडी काढली. परागकोश शाबूत होते. बाईंचा जीव भांड्यात पडला. पण पुडी टेबलावर उघडताच त्यांची नजर आपल्या कामाला लागली.

"पाचच आहेत. सहावा कुठंय?"

"मोजलेस?"

"मोजणारच. का, सहावा दुकानात पोचला?"

धाकटीनं हात पुसले, किल्ली टेबलावर ठेवली आणि ती निघून गेली.

पाचांचा पराग पुरला. बाजारच्या लिलीला बोंड धरलं, फुगलं. बाई मात्र रोज वाट वाकडी करून त्या दुकानावरून जायच्या. एखाद्या कुंडीतल्या लिलीला चांदीची टोपी दिसते का, म्हणून काचेतून डोकावायच्या. आत धाकटी पाठमोरी उभी राहून तुरे खुडत असायची. ती वळायची नाही. बोंडाचं कोणाला सांगावं, तर ते कळणारं माणूस एकच, आणि नेमकं तेच बोलत नव्हतं.

बोंड पिवळं पडू लागलं, तेव्हा त्याची शीर फुटतेय का पाहायला बाईंनी भिंग काढलं. म्यान उपडं केलं, तर भिंगाच्या घडीत चिमटलेलं काहीतरी तळहातावर पडलं. वाळलेलं, केशरी. त्या सकाळी भिंग मिटताना अडकून तुटलेला सहावा!

बाई तशाच उठल्या. बोंडाची कुंडी उचलली, धाकटीनं ठेवून दिलेली किल्ली खिशात टाकली आणि बहिणीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. दार उघडलं. बाईंनी केशरी झालेला तळहात पुढं केला.

"माझ्याच भिंगात होता गं."

धाकटीनं तळहाताकडे पाहिलं, मग बोंडाकडे. तिनं बोंड दोन बोटांत हलकेच दाबून पाहिलं.

"भरलंय," ती म्हणाली. "आत ये. पण आधी माझ्या खुर्च्या मोजून घे. जाताना एखादी कमी भरली, तर तुझीही झडती घेईन."