दारासमोरचा कोनाडा

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. आई शेवटची आजारी होती तेव्हा एकदा ओठांपर्यंत आलं होतं, पण तिनं पाणी मागितलं आणि मी पाणी दिलं—तेवढंच. तुमच्याजवळ बोलते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढे माझा चेहरा आपोआप समजूतदार होतो. त्या चेहऱ्यानं हे सांगता यायचं नाही.

समजूतदारपणा हाच माझा धंदा आहे ना. वर्ध्यात कुणाला घर विकायचं असलं की ते दाखवण्याजोगं करून द्यायचं, हे माझं काम. मुलगी दाखवायची असते तेव्हा घरात जशी धावपळ चालते, तशीच. कूलरच्या पाण्याचे भिंतीवरचे ओघळ घासायचे, खिळ्यांवरचे कपडे आणि पिशव्या उतरवायच्या, जुनी कॅलेंडरं, औषधांच्या बाटल्या, पलंगाखालची बोचकी—सगळं हलवायचं. घेणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथं आपणच राहणार आहोत, आधी कुणी राहिलंच नव्हतं. पण अवघड काम घासण्यापुसण्याचं नाही. अवघड असतो तो विकणारा. त्याच्या हातून वस्तू सुटत नाही. मग मी त्याच्याजवळ बसते, चहा घेते, एकेका खोलीची गोष्ट विचारते. माणूस बोलतो, रडतो, आणि रडून झालं की स्वतःच म्हणतो, घेऊन जा बाई हे आता. ज्या दलालाबरोबर मी काम करते तो सगळ्यांना सांगत असतो की विकणाऱ्याचं मन कळावं तर हिलाच. खरं आहे ते. मन कळतं मला. पण मन कळणारी बाई मनानं चांगलीच असते, असं कुणी सांगितलं?

मी जळकी आहे. हे एकदा सरळच सांगून टाकते. लोकांची घरं आवरता आवरता स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी दिसली की माझ्या पोटात दुखतं. गच्चीवर वाळवणासाठी बांधलेला ओटा दिसला की दुखतं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून—ही म्हण माझ्यासाठीच कुणीतरी करून ठेवली आहे. पण घरी येऊन भाकर खाल्ली की ते दुखणं शमायचं. विमलमावशीच्या घराचं शमलं नाही.

मावशी माझ्या नात्यातली नव्हे. वर्ध्याला लागूनच, पिपरी मेघेला तिचं घर. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढला, नवरा लवकर गेला, एकटीनं घर बांधलं, मुलगा शिकवला. मुलगा पुण्यात स्थिरावला आणि आता तू एकटी राहू नको म्हणून मागे लागला. घर विकायचं होतं ते त्यासाठी. आम्ही दोघीही बौद्ध, शिवाय तिचं माहेर आमच्या अल्लीपूरकडचं, त्यामुळे पहिल्याच भेटीत ती माझी मावशी झाली.

त्या दिवशी मी फाटक उघडून दारात उभी राहिले आणि तिथंच थांबले. समोरच्या भिंतीत कोनाडा होता. पांढऱ्या टाइल्स लावलेला, आत एक लहान दिवा, आणि दिव्याच्या उजेडात बुद्धाची मूर्ती. दार उघडलं की आधी तीच दिसायची. दूधवाला असो, गॅसवाला असो, नाहीतर मत मागायला आलेला पुढारी—आधी मूर्तीकडे पाहायचं, मग मावशीकडे. मी म्हटलं, जागा छान निवडली तुम्ही. तर मावशी हसली.

“स्लॅब पडाच्या आंधी मिस्त्रीले कोनाडा करायले लावला. दारातूनच दिसला पाह्यजे म्हटलं. ज्याले यायचं तो येईन, नाई त वापस जाईन.”

किती सहज म्हणाली. आणि मला काय झालं, ते कसं सांगू? खिडकीचं दुखणं वेगळं असतं, ओट्याचं वेगळं. हे त्यांच्यातलं नव्हतं. मला त्या बाईचा रागच आला.

आम्ही अल्लीपूरहून वर्ध्याला आलो तेव्हा मी शाळेत होते. भाड्याची एक खोली. घरमालकीण काही वाईट नव्हती. मला ताप आला की हळदीचं दूध पाठवायची. फक्त खोली देताना म्हणाली होती की मूर्ती तेवढी आत ठेवा, आमच्याकडे पाहुणे येत असतात. आईनं मूर्ती लोखंडी कपाटात ठेवली, साड्यांच्या मागे. संध्याकाळी ती कपाटाचं दार उघडायची, आम्ही पुढे उभं राहून वंदना म्हणायचो—हळू आवाजात—आणि आई दार लावून घ्यायची. वंदना म्हटली की मला अजूनही डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. पुढे खोल्या बदलल्या, कपाट तेच राहिलं. आणि माझं स्वतःचं घर झालं तेव्हा? तिथं कुणी घरमालकीण नव्हती. कुणी काही म्हटलं नव्हतं. तरी मी मूर्ती आतल्या खोलीत ठेवली. नवऱ्यानं विचारलं तर सांगितलं, हॉलमध्ये धूळ फार येते.

मावशीचं घर मला नको होतं. तिचं ते न घाबरणं हवं होतं. ते मला मिळण्यातलं नव्हतं—मग तिच्याजवळ तरी का राहावं? हो, असंच वाटलं. इतक्या स्पष्ट शब्दांत नाही, पण असंच.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते नवरा-बायको आणि नवऱ्याचे वडील. घर पसंत पडलं. त्या म्हाताऱ्यांनी तर निघताना, मावशी स्वयंपाकघरात असताना, कोनाड्यापुढे हात जोडले. अडलं ते गाडीवर. त्यांची गाडी मोठी, फाटकातून आत वळेना. बाहेर रस्त्यावर त्यांनी मला तसं स्वच्छ सांगितलं. मी आत आले. मावशी चहाचे कप उचलत होती.

“काऊन वं, काय म्हणले?”

गाडीचं सांगायचं होतं. एका वाक्याचं काम. मी खुर्चीवर बसले, सुस्कारा सोडला.

“घर त आवडलं मावशी त्याइले. पण तुमाले त मालूम आहे, लोकं कसे राह्यतात.”

आणि कोनाड्याकडे पाहिलं.

बस, एवढंच. नुसतं पाहिलं. पुढचं तिचं तिनं पूर्ण केलं. आमच्या माणसाला ते पूर्ण करायला वेळ लागत नाही, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मावशीनं त्याला फाटकाबाहेर काढलं असतं. हे करायला आपल्यातलंच माणूस लागतं.

ती भांडेल, असं मला वाटलं होतं. जाऊ दे वापस, असं म्हणेल. खरं सांगू, म्हणावं असंही कुठंतरी वाटत होतं. ती कप हातात धरून तशीच उभी राहिली.

“अजून बी?”

मी मान हलवली.

काही दिवसांनी तिनंच मला बोलावून घेतलं. मुलाचे सारखे फोन येत होते, घर लवकर निघायला हवं होतं. तिनं मूर्ती उतरवली, पदरानं पुसली आणि दवाखान्यात नेसायची तिची जुनी पांढरी साडी होती, तिच्यात गुंडाळली. साडीची टोकं मी धरली होती. तिच्याजवळ बसून मी नेहमीसारखी चौकशी केली, मूर्ती कुठून आणली, कोनाड्याला टाइल्स कुणी लावल्या. ती बोलली नाही आणि रडलीही नाही. मग मी दिवा काढला, कोनाड्यात मनीप्लांटची बाटली ठेवली, मागे सरकून पाहिलं आणि म्हटलं, आता कसं मोकळं वाटतं. तिनं तिकडे पाहिलं नाही.

घर विकलं गेलं. घेणाऱ्यांनी कोनाड्याबद्दल एकच गोष्ट विचारली—तिथं टीव्ही बसेल का.

मागच्या उन्हाळ्यात मी चुलतभावाच्या लग्नाला पुण्याला गेले होते. मावशीनं फोनवर फोन करून घरी बोलावलं. फ्लॅट मोठा, उजेडाचा. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, दोघंही मायाळू. दार उघडलं तर समोरची भिंत कोरी. सून चहा देता देता सांगू लागली की ही भिंत आम्ही आईंसाठीच सोडली होती, मूर्तीसाठी छोटा कट्टाही करणार होतो, पण त्याच नको म्हणतात, कारण सांगत नाहीत.

मावशी मला तिच्या खोलीत घेऊन गेली. कपाट उघडलं. साड्या बाजूला सारल्या. मागे, त्या पांढऱ्या साडीच्या घडीवर, मूर्ती. डांबराच्या गोळ्यांचा तोच वास.

“इथंच बरं आहे,” मावशी म्हणाली. “पोराकडे मोठमोठे लोकं येतात. त्याच्या नोकरीले तरास काऊन? तू तवा सांगतलं म्हणून डोये उघडले माये. नाई त मले काय समजत होतं?”

मग तिनं हात जोडले आणि वंदना म्हणायला लागली. मीही जोडले. माझा आवाज आपोआप खाली गेला, तिचा आधीच गेलेला होता. मध्येच तिनं मागे वळून दाराकडे पाहिलं, कुणी येत तर नाही ना म्हणून. नेमकी माझी आई पाहायची तशी.

त्या वेळी मला काय वाटलं? वाईट वाटलं असं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल. वाईट वाटलं ते परतीच्या गाडीत. त्या वेळी, मावशीच्या शेजारी हात जोडून उभी असताना, मला बरं वाटलं. पोटातलं दुखणं थांबलं. आता आम्ही दोघी सारख्या झालो होतो.

तेव्हा तरी मोठ्या गाडीचं सांगता आलं असतं. सून बाहेर कपबशा विसळत होती, भिंत कोरी होती, एक वाक्य पुरलं असतं. वंदना संपली. मावशी माझ्याकडे पाहत होती, मी काही बोलेन अशा अपेक्षेनं.

“दार लावून घ्या मावशी,” मी म्हटलं, “आत धूळ जाते.”

तिनं साड्या सारख्या केल्या आणि कपाटाचं दार लावलं.