गोबरगॅसची वंशावळ

आमच्या केशरवहिनीला गर्व होता, आणि तो कशाचा, तर शेणाचा. लिंबागणेशच्या थोडं पुढं आमचं गाव. ब्याण्णव साली पंचक्रोशीतला पहिला गोबरगॅस तिनं अंगणात बांधून घेतला. नव्या टाकीत गॅस लवकर धरावा म्हणून जुन्या टाकीतला बादलीभर शेणकाला ओततात, दुधाला विरजण लावावं तसा. पुढं वडवणीपासून चौसाळ्यापर्यंत जिथं टाकी झाली, तिथं वहिनीची बादली गेली. "समद्यांच्या शेगड्या माझ्या विरजणावर पेटतात," हे वाक्य मी दिवसातून एकदा तरी ऐकलेलं आहे.

माझी मुलगी वैष्णवी पुण्यात संशोधन करते. मागच्या दिवाळीत ती बाटल्या घेऊनच घरी आली आणि नऊ टाक्यांतला शेणकाला भरून घेऊन गेली. एवढी शिकलेली पोर शेण हुंगत फिरते म्हणून गाव हसलं. मीही हसलो. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी, पण त्या शेणात कोण राहतं हे मला ठाऊक नव्हतं.

त्यात आर्किया राहतात. गॅस करणारे तेच. बॅक्टेरियासारखे दिसतात, पण कूळ निराळं. हवेत प्राणवायूच नव्हता तेव्हापासूनचं, तीनशे कोटी वर्षांहून जुनं. अजूनही हवा लागली की ते मरतात. हाडं नाहीत, कवच नाही, मग त्यांचा इतिहास कळायचा कसा? जीनोमवरून, वैष्णवी म्हणाली. एकेकाच्या पोटात वीस-पंचवीस लाख अक्षरांचा मजकूर असतो. पिढ्यान् पिढ्या तो उतरवताना एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्यांकडं जाते. हे मात्र मला चटकन कळलं. दोन पेपरांत एकच चूक सापडली की कुणी कुणाचं पाहून लिहिलं, हे मास्तराला सांगावं लागत नाही! त्याच रीतीनं चुका जुळवत, मागं मागं जात, ही माणसं तीनशे कोटी वर्षांची वंशावळ लावतात. ऐकून मी कितीतरी वेळ अंगणातल्या टाकीकडं नुसता बघत बसलो. एवढं जुनं घराणं आमच्या दारात नांदत होतं आणि आम्ही त्यावर भाकरी भाजत होतो.

यंदा मात्र पोर तोंड पाडून आली. नऊ टाक्यांची वंशावळ तिनं एका कागदावर झाडासारखी काढली होती. कुणाला कोणत्या साली बादली दिली हे वहिनीला तोंडपाठ, त्यामुळं झाड खरं की खोटं ते पडताळता येत होतं. सगळं जुळत होतं. फक्त बुंध्याशी असायला हवी ती वहिनीची टाकी एका फांदीवर लागली होती, आणि ती फांदी भीमनगरातल्या विजयमालाच्या टाकीची होती.

"म्हंजी मी तिच्याकडून घेतलं?" वहिनी ताडकन म्हणाली. "मी दिलं तिला. अठ्ठ्याण्णव साली."

"मग माझ्याच बाटल्यांची अदलाबदल झाली असणार, मोठीआई. सगळं काम टाकून द्यावं लागेल." पोरीचे डोळे भरून आले.

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, "टाकू नको. बाटल्या बरोबर हायत."

दोन हजार तेराच्या दुष्काळात तिनं गुरं विकली आणि टाकी कोरडी पडून मेली. विजयमालाचा नवरा चारा छावणीवर कामाला होता. तो रोज पाटीभर शेण आणायचा, म्हणून तिची टाकी जगली. पुढं गुरं घेतल्यावर वहिनी मागच्या वाटेनं तिच्याकडं गेली आणि दोन बादल्या घेऊन आली.

"कुणाला सांगू नको म्हणले. तिनं आजवर सांगितलं न्हाई. अन् मी मात्र रोज माझंच विरजण म्हणत बसले. लई वंगाळ केलं."

वैष्णवीनं कागद पुढं ओढला. तेरानंतर वहिनीनं चार घरांना बादल्या दिल्या होत्या. त्या चारही टाक्यांत विजयमालाच्या टाकीतल्याच चुका उतरल्या होत्या. जी घरं विजयमालाच्या हातचं पाणी घेत नव्हती, त्यांचा स्वयंपाक इतकी वर्षं तिच्या विरजणावर होत होता.

"तीनशे कोटी वर्षांचं ज्यांनी झाकलं न्हाई, ते माझं बारा वर्षांचं कशापायी झाकतील, भावजी?" वहिनी म्हणाली आणि उठली.

भर दुपारी, मारुतीसमोरच्या रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत ती भीमनगरात गेली. आम्ही बापलेक मागं. विजयमाला दारात ज्वारी निवडत होती. वहिनीनं तिच्यापुढं हात जोडले.

"विरजण तुझं हाय, विजयमाला. आता समद्या गावाला सांगणार हाय मी. मागंच सांगायला पायजे व्हतं."

विजयमाला सुपातली ज्वारी तशीच धरून बसली. "मला वाटलं, तुमी इसरलात, काकू," ती म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून उठली. "आत या. च्या टाकते."

वहिनी आत गेली, वैष्णवी गेली. चपला काढताना माझे हात मंदावले. विजयमालाच्या दोन्ही पोरांना मी विज्ञान शिकवलं होतं, आणि त्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो.