राबावरची घरगाडी

पोशेऱ्याजवळच्या त्या पाड्यात माघ्याइतका भिडस्त माणूस दुसरा नव्हता. कुणी काही मागितलं की त्याच्या तोंडून आधी 'हां' निघायचं आणि विचार मागाहून यायचा. या भिडेपायी त्याने कोयते घालवले, कोंबड्या घालवल्या. एकदा तर लग्नाला जाताना नवा सदरा शेजाऱ्याच्या अंगात घालून स्वतः जुन्यातच गेला. त्याची बायको पोशी म्हणायची, तुझं तोंड म्हणजे बिनकवाडाचं घर, कुणीही आत यावं. हे सगळं तिने हसून सोसलं होतं. या उन्हाळ्यात मात्र त्या 'हां'ने त्यांचा राबच अडवून धरला.

राब म्हणजे भाताच्या रोपांची जागा. तिथे शेण, पालापाचोळा, झाडांच्या डहाळ्या पसरायच्या, पावसाआधी भाजायच्या, त्या राखेत धान पेरायचं आणि रोप वीतभर झालं की उपटून खाली खाचरात लावायचं. डोंगरात सपाट आणि मातीची जागा मिळते कुठे? माघ्याकडे तेवढा एकच तुकडा होता, घरासमोर, रस्त्याला लागून. आज्यापासून तिथेच भाजत आल्याने माती काळीभोर झालेली. खाचरात पेरावं तर मोठ्या पाण्यात कुजतं, उतारावर पेरावं तर राख वाहून जाते. नवराबायकोचं वर्षाचं भात त्या तुकड्यातून यायचं.

थंडीत तो तुकडा मोकळा पडला असताना रस्त्यावर ती घरगाडी येऊन थांबली. बसएवढी लांब, पांढरीशुभ्र. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणी, सगळं. ठाण्याचे सामंत साहेब आणि त्यांच्या बाई आत राहत होते. नोकरीभर बाईंना कुठे म्हणून नेता आलं नव्हतं, म्हणून निवृत्त झाल्यावर साठवलेलं मोडून साहेबांनी ही गाडी घेतली होती. आता घर बरोबर घेऊनच देश बघायचा, असा त्यांचा बेत होता. पाड्यात होतं तेवढं माणूस बघायला लोटलं. म्हातारी धोंडीबाई आत डोकावून म्हणाली, यात नवल ते काय, अंगात होतं तोवर आम्हीही दिवाळी झाली की घर घेऊनच वीटभट्टीवर जायचो, फक्त आमचं डोक्यावर असायचं. सगळे हसले. बाईही हसल्या.

साहेबांनी आठ दिवस गाडी उभी करायला जागा मागितली आणि माघ्या 'हां' म्हणाला. साहेब पैसे देऊ लागले, ते त्याने घेतले नाहीत. रिकाम्या जागेचे कसले पैसे?

पण तेवढ्यात कुठेतरी लांब लढाई पेटली आणि डिझेल चढायला लागलं. साहेब रोज गाडीच्या पायरीवर बसून मोबाईलवर हिशेब करायचे. गाडी सपाटीला एका लिटरमध्ये जेमतेम चार-पाच किलोमीटर जाई, घाटात तर विचारूच नका. काश्मीर राजस्थानवर आलं, राजस्थान सापुताऱ्यावर आलं, शेवटी जव्हारला जाऊन यायचं म्हटलं तरी साहेबांचा चेहरा उतरू लागला. एका संध्याकाळी बाई शांतपणे म्हणाल्या, "ठाण्याचं घर बरं होतं हो. उभं होतं, पण काही खात नव्हतं."

मग बाईंचा खुबा दुखायला लागला. दोघं मोखाड्याहून एसटीने ठाण्याला गेली. इंजिनाची चावी साहेबांनी नेली, मागच्या दाराची माघ्याकडे ठेवली. जाताना म्हणाले, आठवड्यात येतो.

चैत्र सरत आला तरी साहेब आले नाहीत. पोशीने शेण साठवलं होतं, डहाळ्यांचे भारे गाडीच्या बाजूला येऊन पडले होते. लोकांचे राब भाजून काळे होऊ लागले. माघ्या फोन करायचा. साहेब माणूस वाईट नव्हते. बाईंना दवाखान्यात ठेवलंय म्हणायचे, ऑपरेशनचं चाललंय म्हणायचे, पुढच्या आठवड्यात नक्की म्हणायचे. आजारी बाईचं नाव निघालं की माघ्याला भीड पडायची. राबाचं सांगायचं राहून जायचं आणि तो बाईंचीच चौकशी करून फोन ठेवायचा.

पाड्यातल्या लाडक्याने ट्रॅक्टर आणून पाहिला. साखळी बांधली, ओढली. गाडी गियरमध्ये अडकलेली, ती कसली हलते? ट्रॅक्टरचीच चाकं जागच्या जागी फिरली. वर लाडक्या म्हणाला, साहेबाची गाडी मोडली तर आपल्याला कोण सोडवणार? त्याचं तेही खरंच होतं.

अखेर साहेबांचाच फोन आला. गाडीला गिऱ्हाईक मिळालंय, नाशिकचं, बघायला येतंय. पसंत पडली तर दोन दिवसांत चावी घेऊन ड्रायव्हर पाठवतो. तू फक्त नीट दाखव. माघ्याने गाडी पुसून काढली. पोशीने तर पायरीही धुतली. दोन दिवस तर दोन दिवस, वळीव आला नव्हता, राब अजून भाजता आला असता.

उमेश आणि चंदना, तरुण जोडपं, मोटारसायकलवर आलं. नाशिकचा फ्लॅट विकून गाडीतच राहायचं, फिरत फिरत काम करायचं, असं त्यांच्या मनात होतं. चंदनाने पलंगावर बसून पाहिलं, खिडकीतून डोंगर पाहिला. तिचा चेहरा असा खुलला की पोशी माघ्याकडे बघून हळूच हसली. कोरा चहा झाला. मग उमेश एकटा पुढे गेला आणि गाडीच्या तोंडावर हात ठेवून उभा राहिला.

"मामा, एक खरं सांगा," तो म्हणाला. "तुम्ही असता तर घेतली असती?"

आता हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? माघ्याचा बाप बैल विकायचा. गिऱ्हाईक लांबून हवं ते विचारो, बाप हवं ते सांगे. पण जनावराच्या पाठीवर हात ठेवून कुणी विचारलं, तर खोड लपवायची नाही. लपवली तर ते जनावर आपल्याच दारात मरतं, असं बाप म्हणायचा. माघ्याने त्या हाताकडे पाहिलं. डहाळ्यांच्या भाऱ्यांकडे पाहिलं. खोटं बोलावं असं त्याला फार वाटत होतं. आयुष्यभर नको तिथे 'हां' म्हणणारा हा माणूस, आणि आज एक 'हां' हवा होता तर तोंडातून निघेना.

"मी नसती घेतली," तो म्हणाला. "साहेब हिच्यात बसून आला नं यष्टीनं परत गेला. बैल उभा रायला तरी कामाला येतो. ही चालली तं डिझेल खाती, नं उभी रायली तं जागा खाती."

उमेशने हात काढून घेतला. तो आणि चंदना बराच वेळ बांधावर बसून बोलली. जाताना चंदनाने पोशीला मिठी मारली आणि माघ्याचा नंबर घेतला. ड्रायव्हर काही आला नाही. साहेबांचा फोन आला, तोही रागाचा नव्हता. फक्त 'बरं, बघू' म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

"राबाचा तरी सांगाचा व्हता त्या पोराला," पोशी म्हणाली.

"तो गाडीचा इचारीत व्हता. त्याला राबाचा कसा सांगू?"

दुसऱ्या दिवशी दोघांनी भारे उचलून उतारावर नेले आणि तिथेच भाजलं. धान पेरलं. मिरगाच्या पाण्याने राख धुऊन ओढ्याला नेली, जे उगवलं ते पिवळं आणि विरळ, लावण्याजोगं नव्हतंच. गाडीच्या चाकांभोवती मात्र गेल्या मळणीत सांडलेले दाणे आपोआप रुजून आले, हिरवेगार, दाट. पोशीने तेवढी मूठभर रोपं उपटून खाचराच्या कोपऱ्यात लावली. दुसऱ्याचं रोप उरलं की मागायची रीत होती, पण यंदा मध्येच पावसाने दडी मारली आणि कुणाचंच उरलं नाही. पाड्याची लावणी संपली. तो कोपरा सोडला तर माघ्याच्या खाचरात नुसतं पाणी उभं राहिलं.

एका दुपारी तो ओसरीवर बसून त्या पाण्याकडे बघत होता तेव्हा फोन वाजला. चंदना होती. ती भरभरून बोलत होती. मामा, तुम्ही वाचवलंत आम्हाला, फ्लॅट गेला असता आणि गाडी दारात सडली असती. दिवाळीत बाईकवरून येतोय तुमच्याकडे. आणि मामा, तुमच्या शेतातला नवा तांदूळ ठेवा आमच्यासाठी. विकतच घेणार, फुकट नाही.

"हां," माघ्या म्हणाला.

पोशी आतून बाहेर आली. कोणाचा फोन, तिने विचारलं.

"गिऱ्हाईक."

"गाडीचा?"

"नाय," माघ्या म्हणाला. "आपल्या भाताचा."