आकाराम कंपाउंडर आणि मंगळवारची चक्कर

आकाराम कंपाउंडरला पोलिसांनी जीपमध्ये घालून सांगलीला नेलं, ही बातमी श्रावणातल्या त्या बुधवारी पिठाच्या गिरणीतून निघाली आणि दळण घरी पोचायच्या आत गावभर झाली. दोघीतिघींना तर बेड्यांचा आवाजही ऐकू आला होता. खरं म्हणजे जीप कॉलेजची होती, पोलीस एकही नव्हता आणि आकाराम कडक इस्त्रीची टोपी घालून पुढच्या सीटवर बसला होता. मात्र चेहरा असा, की बेड्या नाहीत म्हणून शपथ घ्यायला कुणी धजावलं नसतं.

आकाराम चौदा वर्षं लष्करात मेडिकलचा जवान होता. सुटून आला तो थेट तासगाव रस्त्यावरच्या आप्पासो डॉक्टरांच्या दवाखान्यात. गोळ्या मोजायची त्याची तऱ्हाच वेगळी. थाळीत गोळ्या ओतायच्या, पोस्टकार्डाच्या काठानं पाच-पाचच्या तुकड्या पाडायच्या आणि "आगे बढ" म्हणत एकेक तुकडी पुडीत ढकलायची. बारा वर्षांत एक गोळी चुकली नाही, हे तो स्वतःच सांगायचा. त्यामुळे सगळ्या गावाला ते पाठ होतं.

शहाहत्तर साली चौघंजण दवाखान्यात आले. सांगलीचे एक मोठे डॉक्टर, कॉलेजात औषधं बनवण्याचं शास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक, साताऱ्याचे एक आकडेवारीवाले, आणि लोकांच्या घरच्या चालीरीती अभ्यासणाऱ्या एक बाई. ब्लडप्रेशरच्या चांगल्या गोळ्या घेऊनही पेशंट चक्कर येऊन का पडतात, हे चौघांना मिळून शोधायचं होतं. आकडेवारीवाल्यांनी दवाखान्याची वही चाळली आणि म्हणाले, "चक्करवाले बहुतेक सगळे मंगळवारचे. श्रावणात तर दुप्पट!"

ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणारी गावातली सुलाबाई नुकतीच मंगळवारीच रांजणाशी कोसळली होती. कपाळाला तीन टाके.

"आकाराम," आप्पासो डॉक्टर हळूच म्हणाले, "मोजणीत चूक निघाली तर थाळी दुसऱ्याकडं द्यावी लागेल बघ."

तिथून आकारामचं डोकं फिरलं. गोळ्या तो पंधरा दिवसांच्या देत होता, मग मंगळवारच का? औषधवाल्या प्राध्यापकांनी त्याच्या गोळ्या काट्यावर घातल्या. सांगलीच्या डॉक्टरांनी त्याचंच ब्लडप्रेशर मोजलं, ते वाढलेलं निघालं. बाईंनी विचारलं, "तुमच्या घरी आधी कोण जेवतं?" जेवणाचा आणि मोजणीचा संबंध काय, हे त्याला कळेना. आपण साक्षीदार की आरोपी, हेही कळेना. घरी तो भाकरी मोजून खाऊ लागला. बायको विजयमाला वैतागली. "आवं, तीन दिल्या तर तीनच हाईत! उलटून काय बघताय?"

"चौथी खाली चिकटली असली म्हंजी?"

अखेर सांगलीत बैठक ठरली. सुलाबाईलाही जीपमध्ये मागं बसवून नेलं. ती कपाळावर पदर ओढून बसलेली, म्हणून गिरणीवाल्यांना दिसली नाही. बैठकीत आधी तासभर चौघंच भांडले. आकडेवारीवाले म्हणत मोजणी चुकते, औषधवाले म्हणत मोजणी बरोबर आहे, दमट हवेनं गोळ्या बिघडतात. आकाराम ज्याचं बोलणं चालू असेल त्याच्याकडं बघून मान हलवत होता.

शेवटी बाईंनी सुलाबाईला विचारलं, "सोमवारी गोळ्या घेता ना?"

"सोमवारी कशी घिऊ? उपास असतुय."

"मग त्या दोन गोळ्यांचं काय करता?"

"टाकून दिऊ व्हय? डाक्टरांनी दिलेल्या! मंगळवारी उपास सोडला की कालच्या दोन, आजच्या दोन."

आकडेवारीवाल्यांची पेन्सिल हातातच राहिली. औषधवाले पुढं सरकले. "अहो बाई, गोळीनं उपास मोडतो असं सांगितलं कुणी?"

सुलाबाईनं सरळ बोट केलं. "ह्या आकारामभावजींनी. मला एकलीला न्हाई, समद्या बायकांना. म्हनले, गोळी बांधायला मक्याचं पीठ घालत्यात. धान्य पोटात गेलं तर उपास कसला?"

आकारामच्या मानेवरून घाम ओघळला. मोजणीत तो सुटला होता, पण सुटताच पुन्हा अडकला होता. आप्पासो डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. औषधवाल्यांनी मात्र खाली मान घालून कबूल केलं, की पीठ असतं खरं.

"मोजणी बिनचूक आहे," सांगलीचे डॉक्टर म्हणाले. "थाळी यांच्याकडेच राहू द्या. पण आकाराम, हे पिठाचं सांगायची तुम्हाला गरज काय होती?"

आकारामनं टोपी काढली, परत घातली. आळीपाळीनं चौघांकडं बघितलं.

"सायेब, तिनं इचारलं, गोळीत काय असतंय. मी खरं त्ये सांगितलं. आता तुमी चौघं एवढं शिकल्यालं हायसा, तर उपासाला चालंल असली गोळी काढा की. मोजायला मी हाय."