पाणबुडीची भरती

९ डिसेंबर १९५७. उकडलेले शिंगाडे सोलत मी अंगणात बसले होते. धाकटा भाऊ आरमाराच्या भरतीसाठी नागपूरला गेला होता, तो त्या दिवशी यायचा होता. सिंदेवाहीला गाडीतून उतरून तो चालत आला आणि माझ्यासमोर बसला. "नाई घेतलं, बाई," एवढंच म्हणाला.

हे खूळ त्याच्या डोक्यात उन्हाळ्यात शिरलं होतं. सरकारी जीप शाळेच्या पटांगणात सिनेमा दाखवायला आली. त्यात परदेशी आरमाराची एक पाणबुडी होती, अग्निबाणांच्या चाचण्यांसाठी ठेवलेली. ती पाण्यातून वर आली, पाठीवरच्या कोठीचं दार उघडलं, माणसांनी बाण ओढून काढला, उडवला, आणि सगळे आत शिरून पुन्हा बुडाले. आम्ही ढिवर, तळ्यात मासे धरणारे. पाण्याखाली जायचं ते श्वास कोंडून, एवढंच आम्हांला ठाऊक.

"येवढा येळ दम धरतेत कसे हे?" काका म्हणाला. "पोरा, त्यायले तुयासारखाच गडी पायजे."

"अन् बुडालो तं सरकार काढन का, काका?" भावानं विचारलं.

"सरकार कायले काढते? वरून बाण सोडन!"

सगळे हसले. भाऊ हसला नाही.

तळ्याच्या बुडाशी झाडांचे जुने खुंट होते; त्यांत अडकलेलं जाळं सोडवावं तर त्यानंच. दिवाळीपासून दम वाढवायला तो कमरेला धोंडा बांधून तळ्यातल्या सर्वांत खोल जागी रोज बसू लागला. कानातून रक्त आलं. मायनं लसणाचं तेल घातलं, काकानं पाठ थोपटली. मी रागावले तर म्हणाला, "तुले काय समजते आरमारातलं?"

नागपुरात डॉक्टरनं विचारलं, कानाचा पडदा कशानं फाटला? यानं खरं ते सांगितलं. खोलीत हशा पिकला. डॉक्टर म्हणाला, पाणबुडीत हवा असते, माणसं घरात घेतात तसाच श्वास घेतात. शिवाय तसली नाव आपल्या देशाकडे नाहीच. वर बजावलं, यापुढं कानात पाणी जाता कामा नये. म्हणजे आरमार गेलंच, तळंही गेलं.

काकाला मी हे सांगितलं. "मंग सिनेमावाल्यायनं काऊन नाई सांगितलं?" म्हणत त्यानं बिडी पेटवली. कान कसा आहे, हे काही विचारलं नाही.

बाचं जाळं खुंटांत अडकून पडलं होतं. भाऊ आला की काढेल म्हणून कोणी हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लुगड्याचा कासोटा घट्ट मारला, कमरेला बांधलेल्या दोरीचं टोक काकाच्या हातात दिलं आणि पाण्यात उतरले.