दोनदा घरात येणारी आत्या

आमची आत्या कामावरून आली की दोनदा घरात यायची. पहिल्यांदा तुमच्या-आमच्यासारखी: चपला काढून, पिशवी खुंटीला लावून थेट न्हाणीघरात. अंघोळ झाली, धुतलेले कपडे अंगावर चढले की बाई पुन्हा जिना उतरून फाटकापर्यंत जायची, मिनिटभर तिथे उभी राहायची आणि परत वर यायची. दारात थांबून डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायची. "हं," म्हणायची आणि मग चहाला बसायची.

शेजारच्या काकूंना हे थेर वाटायचे. बाबा तर उघड टिंगल करायचे. "आली का गं ताई? की अजून एकदा यायची आहेस?" आत्या त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, तरुणपणीच नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहणारी. भावाच्या टिंगलीला तिने आयुष्यात भीक घातली नाही.

ती साबणाच्या कारखान्यात वास तपासायची. मागच्या अंगाला एक बंद खोली होती. तिथे काचेच्या बरणीत नमुन्याची वडी ठेवलेली असे, आणि प्रत्येक नव्या बॅचची वडी तिच्याशी ताडून बघायची. तेल खवट नाही ना, सुगंध कमी-जास्त नाही ना, हे आत्याने सांगितल्याशिवाय माल हलायचा नाही. डब्यात कच्चा कांदा नाही, केसांना वासाचं तेल नाही. आणि चार वड्या झाल्या की बाहेर! अंगणात जायचं, स्वतःच्या कोपराच्या खळग्यात नाक खुपसून दोन श्वास घ्यायचे, मग आत. कामाला लागल्यावर पहिल्याच महिन्यात ती हुशारी करून बाहेर न जाता सलग बसली होती. सकाळभरात अकरा बॅच खवट तेलाच्या पास केल्या. सगळा माल परत आला. तिचे साहेब भले गृहस्थ. त्यांनी कामावरून काढलं नाही, अंगणाचा नियम घालून दिला.

"नाक आळशी असतं गं," ती मला सांगायची. "तेच तेच सांगत बसलं की ऐकेनासं होतं. डोळे, कान सगळे त्याच जातीचे. म्हणून मी घराबाहेर जाऊन परत येते. नाहीतर आपलं घर आहे तरी कसं, ते कळायचं कधी?"

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला सगळंच कळत होतं. मी म्हणायचे, "आत्या, घर काय साबणाची वडी आहे?"

त्यात आमच्या घरात दुसऱ्या कुठल्या वासाचं काही चालत नसे. बाबा फर्निचरला पॉलिश करायचे. त्यांचे कपडे, केस, उशी, सगळ्यांना स्पिरिट आणि लाखेचा वास. पाहुणे रुमाल काढायचे, आम्ही विचारायचो, सर्दी झाली का?

त्या उन्हाळ्यात कारखान्याने नव्या मुलींना शिकवायला आत्याला दुसऱ्या गावच्या शाखेत बारा दिवस पाठवलं. बाबा तेव्हा पाणी फार प्यायचे. उन्हाळाच होता, त्यात काय बघायचं? जरा वाळलेही होते, पण ते मुळातच काटकुळे. आत्या यायच्या आदल्या दिवशी त्यांना उलट्या झाल्या. "पित्त झालंय," म्हणाले आणि पडून राहिले. आईने लिंबूपाणी दिलं. आम्ही निर्धास्त होतो, हे आज लिहितानाही लाज वाटते.

आत्या दुपारी आली. दारातच थबकली. "वहिनी, फळ नासलंय का कुठे?"

"फळ? आठवड्यात आणलंच नाही, वन्सं. पॉलिशचा असेल. तुम्ही दमलात, आधी चहा घ्या बघू."

आत्या खरोखर दमली होती. ना अंघोळ, ना फाटक; आईने हातात कप दिला आणि ती बसली. बाबा आतल्या खोलीत झोपलेले. पित्ताचं ऐकून ती म्हणाली, "झोपू दे." चहा संपेपर्यंत तो वास गेला होता. तिने दोनदा नाक वर करून पाहिलं. "गेला वाटतं," म्हणाली आणि पिशवी उघडून गप्पांत रमली. जन्मभर जगाला नाकाबद्दल शिकवणारी माझी आत्या त्या दिवशी सगळं विसरून तासभर तशीच बसून राहिली.

अंघोळ करून, कपडे बदलून, सवयीने ती खाली गेली. वर आली ती दारातूनच ओरडत. "आहे! आहे तो वास!" मला, आईला तर कसलाच वास येत नव्हता. ती चार पावलं आत आली, परत खाली धावली, परत वर. शेजारच्या काकू कठड्याला टेकून मजा बघत होत्या. तिसऱ्या फेरीला आत्या कुठेही न थांबता सरळ आतल्या खोलीत गेली आणि झोपलेल्या बाबांच्या तोंडाशी वाकली.

"हा पॉलिशचा नाही," ती म्हणाली. "हा याच्या श्वासाचा आहे. धाकट्या, ऊठ!"

बाबा नीट उठेनात. डोळे उघडून ते काहीतरी भलतंच पुटपुटले. आम्ही त्यांना धरून उभं केलं तर पँट खाली घसरली. बांधायला खुंटीवरचा पट्टा आणला, तर त्याला खिळ्याने पाडलेली चार नवी भोकं होती. तो पट्टा रोज आमच्या डोळ्यांसमोर खुंटीला लटकत होता. आत्या ती भोकं बोटाने चाचपत राहिली. "यातली झिजलेली तर मी जायच्या आधीची आहेत," ती म्हणाली. "मीसुद्धा पाहिली नाहीत."

रिक्षाने दवाखान्यात नेलं. रक्तातली साखर भयंकर वाढली होती आणि श्वासाला येणारा तो वास त्याचाच होता. डॉक्टरांनी विचारलं, "कुणाच्या लक्षात आलं?" आम्ही आत्याकडे बोट दाखवलं. "सकाळपर्यंत थांबला असतात तर बेशुद्ध झाले असते," ते म्हणाले. "मग माझ्या हातात फारसं काही उरलं नसतं."

नऊ दिवसांनी बाबा घरी आले. इन्सुलिन आयुष्याला चिकटलं, पण आयुष्य मिळालं. त्या संध्याकाळी आत्या नेहमीप्रमाणे खाली निघाली, तर बाबा कठड्याला धरून तिच्या मागोमाग. दोघं फाटकाशी उभी राहिली आणि बरोबर वर आली. दारात बाबांनी शहाण्या मुलासारखा तोंडाने श्वास सोडला. आत्याने वास घेतला. "हं. बरा आहेस." तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला हेच. टिंगल बंद झाली असं मात्र नाही. "ताई, पास का? की परत पाठवतेस माल?"

याला एकतीस वर्षं झाली. बाबांनी माझं लग्न पाहिलं, माझ्या मुलीच्या पाळण्याला पॉलिश केलं. आई समाधानाने, त्यांच्या हातात हात ठेवून गेली. हे सगळं आम्हाला वरकड मिळालं आहे, आणि ते कुणामुळे हे मी विसरलेले नाही.

मागच्या महिन्यात माहेरी गेले होते. आत्या आता ब्याऐंशीची. स्वयंपाकघरात खुर्चीवर पेपर वाचत बसली होती, आणि दोन हातांवर गॅसवर दूध करपत होतं. मी बाहेरच्या खोलीतून धावत आले. तिने चष्म्यावरून बघितलं. "काय गं, काय झालं?"

मी पातेलं उतरवलं आणि बाबांकडे गेले. "बाबा, आत्याला वास येत नाही."

"चार वर्षं झाली," बाबा म्हणाले.

"मग रोज संध्याकाळी ते...?"

"तिला वाटतं मला माहीत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि मला त्यावाचून करमत नाही. तू बोलू नकोस."

सहा वाजता दोघं खाली गेली. जिना चढायला त्यांना आता बराच वेळ लागतो. दारात बाबांनी श्वास सोडला. आत्या वाकली. "हं. बरा आहेस." पण हात काही तिने त्यांच्या खांद्यावरून काढला नाही, आणि माझ्याकडे अशी काही बघत राहिली की मला राहवलं नाही. चपला घालून मी फाटकापर्यंत गेले, मिनिटभर थांबले आणि वर येऊन दारात उभी राहिले. जिथे वाढले, त्या घराचा वास मला पन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा आला.

"कशाचा येतोय?" आत्याने विचारलं.

"करपलेल्या दुधाचा."

"त्याच्याखाली?"

"पॉलिशचा. तुझ्या साबणाचा."

"आणि याचा?" तिने बाबांना हलकेच पुढे केलं.

मी बाबांच्या तोंडाशी वाकले, नीट, दोनदा वास घेतला. "नासक्या फळाचा नाही, आत्या. अजिबात नाही."

आत्याने डोळे मिटले. "हं," म्हणाली, आणि चहाला बसली.